स्टिरॉइड आणि पायांतलं बळ

स्टिरॉइड म्हटलं की माझ्या नातवाला दंड फुगवलेले पहिलवान आठवतात. मी घेतो ते प्रेडनिसोलोन नेमकं उलट वागतं. ते मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजवतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालू लागली! १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढे लक्षात आलं, की ज्या औषधानं माणसं उठली, तेच फार दिवस घेतलं तर पायांतलं बळ नेतं, कारण स्नायूंमधली प्रथिनं मोडतात.

यावर उपाय औषधाच्या दुकानात सापडला नाही. १९९८ मध्ये रँडी ब्रेथ आणि सहकाऱ्यांनी हृदयारोपण झालेल्या, स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांकडून सहा महिने वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांचे झिजलेले स्नायू पुन्हा भरून आले. व्यायाम न करणाऱ्यांचे नाहीत.

डॉक्टरांना विचारून मी रोज हात न टेकता दहादा खुर्चीतून उठतो. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे. तेव्हा घरात कुणी या गोळ्या घेत असेल, तर त्यांना नुसतं 'पडून राहा' म्हणू नका. किती हालचाल झेपेल, हे डॉक्टरांना विचारा.