सुप्याच्या बाजारापासून क्यूआर कोडपर्यंत

आमच्या गल्लीत बांगड्यांचे छोटे दुकान चालवणाऱ्या एक खाला आहेत. संध्याकाळी शाळेतून परतताना मी दिसलो की त्या मोबाईल पुढे करतात. "सर, वो बाई पैसे डाली बोली. आए क्या देखो जी." खालांना उर्दू चांगली वाचता येते, मराठी पाट्या त्या अक्षर लावून वाचतात. मोबाईलवरचा संदेश मात्र इंग्रजीत येतो. एकदा एका गिऱ्हाइकाने 'पैसे गेले' असा मोबाईलवरचा फोटो दाखवला आणि माल नेला. पैसे आलेच नाहीत. साडेतीनशे रुपये म्हणजे फार नव्हेत, पण तो खालांचा दिवसभराचा नफा होता.

ही अडचण नवी वाटते. बारामती-इंदापूरच्या मातीत मात्र ती जुनी आहे.

इंदापूर तालुक्यातच १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या नव्या जमीन मोजणीची सुरुवात झाली. सारा रोखीने भरायचा होता. रोख रक्कम हाताशी नसली की शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावर जावे लागे. तीस वर्षांची मुदत संपली आणि सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भावही पडला होता. कर्ज फुगत गेले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षे चालेल असे ठरवले होते. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. घडले उलटे. दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत होऊ लागले. शेतकरी त्याच्याखाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात याचा स्फोट झाला. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. जमावाने सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जखते व वह्या मागितल्या, जाळल्या. मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. चौकशी आयोगाच्या अहवालातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: राग माणसांपेक्षा कागदावर होता. जिथे सावकाराने खते देऊन टाकली, तिथे बहुधा पुढे मारहाण झाली नाही. म्हणून या दंग्याला एका जातीविरुद्ध दुसऱ्या जातीचे भांडण म्हणून वाचणे मला पटत नाही. आपल्याच नावावरचा हिशोब आपल्यालाच वाचता येऊ नये, ही त्या रागाची मोठी बाजू होती.

सरकारलाही ते उमगले असावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर करणे बंधनकारक केले. फेडीची पावती, वर्षाचा हिशोब, पासबुक मागण्याचा हक्क दिला. खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

आपल्या वाचकांना इथे सूरह बकराची ती दीर्घ आयत आठवेल. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे, आणि तिच्यात मजकूर सांगण्याचे काम कर्ज घेणाऱ्याकडे दिले आहे. त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वतीने कोणी न्यायाने सांगावे. म्हणजे कागद दुबळ्या बाजूच्या तोंडून उतरावा. सुप्यात तो सबळ बाजूने लिहून घेतला होता.

आता मोबाईलकडे येऊ. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ते आपल्या बागवान, तंबोळी, अत्तार, मणियार यांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचले. सोय मोठी आहे, हे नाकारू नये. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, रात्री रोकड घेऊन घरी जाण्याची भीती कमी झाली. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आले. आणि पैसे आल्याचे मराठीत बोलून सांगणारा डबा आला. मला तर त्या डब्याचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते, कारण त्याने हिशोब डोळ्यांवरून कानांवर आणला. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ऐकता येते.

पण डबा आलेल्या पैशांपुरताच बोलतो. डब्याचे भाडे किती कापले, 'सेटलमेंट' कधी होणार, 'पेंडिंग' म्हणजे पैसे बुडाले की यायचे आहेत, हे पडद्यावरच राहते. जमा, खर्च, वसूल, बाकी, रक्कम हे शब्द अरबीतून आले आणि मराठी-उर्दू दोन्हींत शेकडो वर्षे रुळले. निरक्षर दुकानदारालाही ते कळतात. मग अॅपमध्ये ते का नसावेत?

खरी काळजी पुढे आहे. काही अॅप दुकानदाराला कर्जही देऊ करतात आणि रोजच्या विक्रीतून हप्ता कापतात. एका बटणावर बोट ठेवले की झाले. नांगराच्या निशाणीत आणि त्या बोटात मला फार फरक दिसत नाही. एक फरक मात्र आहे, तो आपल्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लहान उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी व्याज, खर्च, हप्ते दाखवणारे मुख्य तपशिलाचे पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावे लागते, आणि ते समजावूनही सांगावे लागते. १८७५ च्या कुळाकडे हे नव्हते. आपल्याकडे आहे, फक्त मागणारा हवा.

आठवीच्या वर्गाला मी यंदा एक गृहपाठ दिला. घरातल्या किंवा शेजारच्या एका दुकानदाराजवळ बसायचे, अॅपची भाषा बदलून द्यायची आणि तीन गोष्टी सांगायच्या: पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो, समोरच्याच्या फोनवरचा फोटो म्हणजे पावती नव्हे, आणि पत्रक वाचून घेतल्याशिवाय कर्जाच्या बटणाला हात लावायचा नाही.

खालांकडे एक मुलगी गेली होती. परवा त्यांनी मोबाईल पुढे केला नाही. "आए, सर," म्हणाल्या, आणि बांगड्या कागदात बांधू लागल्या.