गोलोक नदीचे दोन काठ



मलायाच्या ईशान्य टोकाला केलंतन नावाचे राज्य आहे. त्याच्या राजधानीचे नाव कोटा बारू. ‘बारू’ म्हणजे नवा, आणि ‘कोटा’ म्हणजे आपलाच कोट! या नव्या कोटातून पश्चिमेकडे भाताच्या शेतांमधून निघाले, की चाळीसएक किलोमीटरांवर रंताऊ पंजांग हे गाव लागते. पुढे गोलोक नदी. पलीकडच्या काठावरचे सुंगाई कोलोक थायलंडमध्ये आहे. बँकॉकहून हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून आलेली आगगाडी तेथे थांबते. दोन्ही काठांवर मलायी बोली एकच, धर्म इस्लाम, सोयरीकही नदीपार जुळलेली. मग ही नदी सीमा झाली कशी?

उत्तर १० मार्च १९०९ या दिवशी सापडते. त्या दिवशी बँकॉकमध्ये इंग्रज आणि सयाम यांचा तह झाला. केदाह, पर्लिस, केलंतन व तेरेंगानू या चार राज्यांवरचा आपला हक्क सयामने इंग्रजांना दिला. मोबदल्यात रेल्वे बांधण्यासाठी चाळीस लाख पौंडांचे कर्ज मिळाले, आणि आपल्या मुलखातील ब्रिटिश प्रजाजनांवरील इंग्रजी न्यायाधिकार टप्प्याटप्प्याने संपवण्याचे आश्वासनही. पट्टणी मात्र सयामकडेच राहिले. तेथील सुलतानाला सयामने १९०२ सालीच पदच्युत केले होते. ज्यांच्या अंगणातून रेघ गेली, त्यांना कोणी विचारले नाही.

नदीच्या मुखाजवळ ताक बाई हे छोटे गाव आहे. तेथल्या बौद्ध विहाराची कथा ऐकण्यासारखी आहे. सीमा ठरताना सयामने या विहाराकडे बोट दाखवून हा मुलूख आपला असल्याचे सांगितले आणि तो राखला, अशी परंपरा आहे. नदीच्या अलीकडे, केलंतनच्या तुंपात भागातही, थाई बौद्धांचे विहार उभे आहेत. म्हणजे रेघेने मलायी मुसलमानांना जसे सयामात ठेवले, तसे थाई बौद्धांना मलायात. नकाशावरची रेघ सरळ असते, माणसांची वस्ती सरळ नसते!

याच किनाऱ्यावर ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौज उतरली, ती पर्ल हार्बरवर बाँब पडण्यापूर्वीच. कोटा बारूचा किनारा राखताना आपले डोगरा शिपाई तेथे पडले. १९४३ साली जपानने ही चारही राज्ये थायलंडला बहाल केली; १९४५ साली ती परत इंग्रजांकडे आली. रेघ पुसली आणि पुन्हा ओढली; विचारले पुन्हा कोणालाच नाही.

या न विचारण्याची किंमत ताक बाईने मोजली. २५ ऑक्टोबर २००४ रोजी सहा अटकेतील माणसांच्या सुटकेसाठी लोक तेथे पोलीस ठाण्यासमोर जमले. सात जण जागीच मेले. धरलेल्यांचे हात मागे बांधून त्यांना लष्करी ट्रकांत एकावर एक रचण्यात आले. अठ्ठ्याहत्तर जण वाटेत गुदमरून व चिरडून गेले. वीस वर्षांची मुदत २५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली, आणि एकाही आरोपीवर खटला उभा राहिला नाही.

आपण इतिहासात तहांच्या तारखा पाठ करतो. पण तह सहीच्या दिवशी संपत नाही. कोणाच्या तरी घरात तो शंभर वर्षे चालू राहतो. गोलोकच्या काठावर तो अजून चालू आहे.