जिकोव्ह गेला, मिकुनी आला

भोपाळच्या मराठी माणसांचा इतिहास आपण १९५६ पासून सांगतो. राजधानी इथे आली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांमधली बरीच मराठी कुटुंबं टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये आली. पुढे भेलमुळे पिपलानी-बरखेडा भरलं. पण ही माणसं कामाला जायची कशावर, ते कुणी लिहीत नाही. आमच्या गल्लीत तरी जावा आणि येझदीवर! किकचाच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा, ती गाडी.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या गाड्या बनवल्या. १९७३ पासून त्यांचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मूळचा कार्ब्युरेटर चेक बनावटीचा, जिकोव्ह. त्याची स्लाइड झिजली की गाडी चौकात हटकून बंद. सुटे भाग मिळेनात, तेव्हा जिन्सीतले मिस्त्री मिकुनी बसवून देऊ लागले.

बसवणं सोपं. खरी गोम ट्यूनिंगमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी. दुसऱ्या इंजिनासाठीचा मेन जेट तसाच ठेवला तर गाडी सपाटीवर झक्कास पळायची, आणि शामला हिल्सच्या चढावर पिस्टन जाम. मागचं चाक जागच्या जागी लॉक! मागे आई, पुढे टाकीवर मी. म्हणून बाबांची दोन बोटं कायम क्लचवर असत.

आमचे उस्ताद आधी इंजिन गरम करायचे. मग एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीडेक आटे उघडायचा आणि आवाज ऐकत थोडा मागेपुढे करायचा. पण हे फक्त आयडलिंगपुरतं. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळली तर सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते नि मिश्रण दाट होतं. शेवटी मेन जेट. पॉलिटेक्निक चौकातून फुल थ्रॉटलने चढ चढायचा, क्लच दाबून तिथेच इग्निशन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. पांढराफटक म्हणजे धोका, काळा-ओला म्हणजे पेट्रोल वाया, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे जमलं. बाबांना अ‍ॅव्हरेजची काळजी. त्यांना लहान जेट हवा असायचा. उस्ताद म्हणायचे, "को खाँ, पेट्रोल बचाओगे कि पिस्टन?" माझ्या मते ट्यूनिंगचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आलं. रीबोअरचा खर्च ज्याने एकदा दिलाय, त्याला विचारा.

मिकुनी बसला की काही लोक एअर फिल्टरच काढून टाकत, आवाज भारी येतो म्हणून. हवा वाढली की जेटचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. उस्ताद अशी गाडी हातातच घेत नसत.

२०१८ मध्ये जावा परत आली. आपल्याच मध्य प्रदेशात, पीथमपूरला बनते. फोर-स्ट्रोक आहे, फ्युएल इंजेक्शनवाली. तिला कार्ब्युरेटरच नाही.