चेहऱ्यांवरचा मऊ उजेड
छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर. सेंट झेवियर्समध्ये शिकले, तिथंच काही काळ शिकवलं आणि १९७४मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या छायाचित्र विभागात रुजू झाले. मुंबईत तेव्हा चकचकीत मासिकांचे दिवस होते. १९७१मध्ये निघालेल्या 'स्टारडस्ट'च्या पहिल्या संपादक शोभा डे या त्यांच्याच नात्यातल्या.

१९८०च्या सुमारास शबाना आझमींचं फोटोसेशन त्यांनी केलं आणि पुढं मुखपृष्ठांची रीघ लागली. १९८७मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले.

ते दिवस फिल्मचे. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यातल्या १२० रोलवर चौकोनी फ्रेम जेमतेम बारा. छपाईसाठी रंगीत पारदर्शिका लागे आणि ती उजेडातली चूक पदरात घेत नसे. अर्धा स्टॉप जास्त झाला की गालावरचा रंग उडालाच. म्हणून आधी पोलरॉइड काढून सावली तपासायची, दिवा थोडा सरकवायचा, पुन्हा पाहायचं. रोल धुऊन आला की लाइटबॉक्सवर भिंग लावून एकेक फ्रेम निवडायची. आजची स्क्रीन लगेच उत्तर देते. तेव्हा उजेड आधी डोक्यात मांडावा लागे.

राजाध्यक्षांचा उजेड मऊ होता. कपडे, दागिने दिसत, पण नजर डोळ्यांवरच थांबे, आणि फॅशनच्या छायाचित्रात ही फार मोठी गोष्ट आहे.

मराठीशी त्यांची नाळ घट्ट होती. 'चंदेरी' या मराठी मासिकाचं संपादन त्यांनी केलं. 'फेसेस' हा त्यांचा छायाचित्रसंग्रह १९९७मध्ये आला. मराठीत 'चेहरे' हे पुस्तक आलं. १३ सप्टेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.