उमराव एक की अनेक? परक्या शब्दांच्या अनेकवचनाची गोष्ट

१/ कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखली जाते. अशा दागिन्यांची नावे एका ओळीत मांडली, तरी मराठी व्याकरणाचा एक धडा पुरा होतो: वाळा–वाळे, तोडा–तोडे, साखळी–साखळ्या, जोडवे–जोडवी, घुंगरू–घुंगरे. शब्दाचे लिंग आणि शेवटचा स्वर कळला, की बहुधा अनेकवचनही कळते.

२/ पण सोने, चांदी आणि रत्ने अशा साऱ्या मौल्यवान ऐवजाला मराठीत 'जडजवाहीर' म्हणतात. या 'जवाहीर'चे अनेकवचन काय? उत्तर गमतीचे आहे. तो शब्द मुळातच अनेकवचनी आहे. अरबीत एक रत्न म्हणजे 'जौहर' आणि अनेक रत्ने म्हणजे 'जवाहिर'.

३/ या शब्दाचा प्रवासही लांबचा. मूळ फारशी 'गौहर' अरबांनी घेतला आणि त्याचा 'जौहर' केला. अरबी अनेकवचन अंगावर लेवून तो फारशीत परतला, आणि फारशीच्या वाटेने दख्खनेत उतरला. पुढे 'जवाहिर' हे अनेकवचन आहे याचाच विसर पडला आणि त्याला आणखी एक अनेकवचनी प्रत्यय जोडला गेला. 'जवाहिरात' हे असे अनेकवचनाचे अनेकवचन आहे.

४/ हा विसर का पडला? मराठीत अनेकवचनाचा बदल शब्दाच्या शेवटी होतो. अरबीत मात्र पुष्कळ शब्दांची व्यंजने जागेवर राहतात आणि आतले स्वर बदलतात. अरबी व्याकरणकार या प्रकाराला 'मोडलेले अनेकवचन' म्हणतात. शब्दाच्या शेवटाकडे पाहायची सवय असलेल्या मराठी कानाला शब्दाच्या पोटात झालेला हा बदल ऐकूच आला नाही.

५/ म्हणून अरबीतील कित्येक अनेकवचने मराठीत एकवचने होऊन बसली. 'उमराव' हे 'अमीर'चे अनेकवचन. म्हणजे 'अमीर-उमराव' या जोडीत एकच शब्द दोनदा आला आहे. 'नवाब' हे 'नायब'चे अनेकवचन. आदरार्थी वापरात ते एकाच व्यक्तीला लागले. 'अखबार' म्हणजे अनेक खबरा. 'कवायत' म्हणजे मुळात अनेक कायदे, अर्थात नियम.

६/ सर्वांत सुंदर उदाहरण 'हाल' आणि 'अहवाल' यांचे आहे. अरबीत 'हाल' म्हणजे एक स्थिती आणि 'अहवाल' म्हणजे अनेक स्थिती. मराठीने नेमके उलटे केले. माणसाचे 'हाल झाले', असे आपण अनेकवचनात म्हणतो. समितीचा 'अहवाल आला', असे एकवचनात म्हणतो. अरबी व्याकरणाने पाहिले तर दोन्ही चूक. मराठी व्याकरणाने पाहिले तर दोन्ही निर्दोष.

७/ हा पेच मराठीपुरता नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये तोच होता. लॅटिनने ग्रीकमधून शेकडो शब्द घेतले. 'स्केमा' हा शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन 'स्केमाता'. लोकांसाठी नाटके लिहिणाऱ्या प्लॉटसने मात्र तो आकारान्त लॅटिन स्त्रीलिंगी शब्दांप्रमाणे चालवला. पुढे विद्वानांच्या लिखाणात ग्रीक अनेकवचन प्रतिष्ठित झाले.

८/ मग वाद उभा राहिला: पाहुण्या शब्दाने कोणाचे व्याकरण पाळावे? इ. स. पहिल्या शतकातील वक्तृत्वाचे आचार्य क्विंटिलियन सांगतात, की नव्या लोकांना ग्रीक नावे ग्रीक पद्धतीनेच चालवायची हौस आहे. पण शोभेल तिथवर लॅटिन पद्धत पाळणे त्यांना स्वतःला अधिक पसंत आहे. ग्रीक रूप वापरणे हे तेव्हा सुशिक्षितपणाचे लक्षण झाले होते. वाद जितका व्याकरणाचा, तितकाच प्रतिष्ठेचाही होता.

९/ दख्खनेत फारशी ही दरबाराची भाषा होती, त्यामुळे प्रतिष्ठा तिच्याकडे होती. त्याचा पुरावा सतराव्या शतकातील आज्ञापत्रांच्या मायन्यात सापडतो. तिथे 'कारकुनानि हाल व इस्तकबाल व देशमुखानि' अशी शब्दमालिका वारंवार येते. नवख्या वाचकाला हे 'कारकुनांनी' आणि 'देशमुखांनी' वाटते. इथेच घात होतो.

१०/ हा शेवटचा 'नि' मराठी तृतीयेचा नव्हे. फारशीत सजीवांचे अनेकवचन 'आन' लावून होते: कारकून–कारकुनान. त्यापुढचा ऱ्हस्व 'इ' हा फारशीत दोन शब्द जोडणारा स्वर. अर्थ असा: 'सध्याचे आणि पुढे येणारे कारकून, आणि अमुक परगण्याचे देशमुख'. पत्र त्यांना उद्देशून आहे. तृतीया समजून वाचले, तर ज्यांना हुकूम झाला तेच हुकूम करणारे ठरतात.

११/ यात 'देशमुखानि' हे रूप विशेष न्याहाळण्याजोगे आहे. 'देशमुख' हा शब्द अस्सल इकडचा, पण दरबारी कागदावर त्याला फारशी अनेकवचन चढले. क्विंटिलियनच्या रोममध्ये प्रश्न परक्या शब्दांच्या प्रत्ययांचा होता. इथे घरच्याच शब्दाला परका प्रत्यय लागला. राज्य कोणाच्या भाषेत चालते, हे त्या दोन अक्षरांत दिसते.

१२/ पुढे चित्र पालटले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतील मराठी पत्रांमधले शब्द मोजून फारशीचे प्रमाण झपाट्याने घटल्याचे दाखवले. 'देशमुखानि' गेले. 'अहवाल', 'उमराव' आणि 'जवाहीर' मात्र राहिले. टिकलेल्या या शब्दांनी आपले जुने व्याकरण मागे सोडले होते. 'कवायत' तर सरळ मराठी स्त्रीलिंगी होऊन 'कवायती' झाली.

१३/ या शब्दांची मुळे तपासायची, तर माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' हाताशी हवा. फारशीचे हे प्राध्यापक पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत. विशेष म्हणजे परक्या शब्दांची इतकी जाण असलेल्या याच विद्वानाने १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीच्या शुद्धतेचा पक्ष मांडला.

१४/ आज दरबार बदलला आहे, प्रश्न तोच आहे. 'फाइल'चे 'फाइली' की 'फाइल्स'? 'मशीन'चे 'मशिनी' की 'मशीन्स'? इंग्रजी 'स' लावणे आज सुशिक्षितपणाचे वाटते, जसे एकेकाळी रोममध्ये ग्रीक रूप वाटे. दुसरीकडे 'मॅचेस' या इंग्रजी अनेकवचनाची 'माचिस' केव्हाच झाली, आणि दुकानात लोक 'एक माचिस' मागतात. 'अहवाल'चे जे झाले, तेच हे.

१५/ शब्द उसना घेतला म्हणून भाषा दुबळी होत नाही. त्याचे अनेकवचनही धन्याकडूनच आणावे लागले, तर तो अजून पाहुणा आहे एवढेच कळते. चांदी कुठूनही येवो, हुपरीच्या मुशीतून निघाल्यावर तिचा एक वाळा होतो आणि दोन वाळे होतात. जुना कागद वाचताना म्हणूनच शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचे वचनही तपासावे. 'कारकुनानि' दिसले, तर पत्र लिहिणारा कोण आणि ते घेणारा कोण, हे तिथेच ठरते.