आज किती आली?

आमच्या घनसावंगी तालुक्याला साखरेची ओळख करून द्यायला नको. शिवारात ऊस, तीर्थपुरीला साखर कारखाना आणि जालन्याच्या मोसंबीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले. 'शुगर' नावाचा पाहुणाही आता घरोघर मुक्कामाला आहे. सकाळी ओट्यावर माणसे पाऊसपाणी विचारावे तसे एकमेकांना विचारतात, "आज किती आली?" हा आकडा घरात आला कसा आणि त्यावर विसंबावे किती, ते सांगतो.

जुन्या वैद्यांना लघवीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. विसाव्या शतकातही तपासणी बराच काळ लघवीचीच राहिली. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाचे निळे द्रावण नळीत घ्यायचे, आठ थेंब लघवी टाकायची, उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. नाहीतर हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी. अम्मीसाठी मी ही नळी स्टोव्हवर धरलेली आहे. रंग देखणा यायचा, पण बातमी शिळी असायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. आणि ती घसरून हातपाय थरथरू लागले, तर नळी अवाक्षर काढत नाही. इन्सुलिन १९२१ साली सापडले, तरी त्याचा रोजचा हिशेब पुढे कितीतरी वर्षे असा अंदाजपंचेच चालला.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीने (दिल्लीच्या एम्सशी संबंध नाही) रक्ताची पट्टी काढली. थेंब टाकायचा, मिनिटभराने धुवायचा, रंग तक्त्याशी ताडायचा. डोळ्यांचा भरवसा नको म्हणून १९७० च्या सुमारास रंग वाचणारे यंत्र आले. ते जडशीळ होते आणि फक्त डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन हा अभियंता लहानपणापासून मधुमेही. त्याने डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवले आणि घरीच दिवसातून अनेकदा रक्त तपासू लागला. डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी तो स्वतःच डॉक्टरकी शिकायला गेला. मला हा माणूस फार आवडतो.

आज यंत्र मुठीत मावते. पण किती चुकायचे, याची त्यालाही लेखी परवानगी आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १०० किंवा जास्त असेल, तर शंभरातले ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवेत. १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना १७० आणि २३० दोन्ही चालतात. ओट्यावर पाच-दहाच्या फरकावरून होणारी हुज्जत त्यामुळे फुकटचीच.

खालच्या टोकाला मात्र गंमत राहत नाही. रमजानमध्ये साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडा, असे डॉक्टर सांगतात. खरी ६५ असताना यंत्र ८० दाखवू शकते, आणि नियमाने ते चूक नाही. तेव्हा घाम सुटला, थरथर झाली, तर त्या ८० कडे बघत मगरिबची वाट पाहू नये. आधी साखर तोंडात टाकावी.

पट्टीलाही ऊन आणि ओल सोसत नाही; डबीचे झाकण उघडे राहिले की ती बिघडते. अंगात रक्त कमी असेल तर आकडा उगाच चढतो. आणि २०११ साली जपानी डॉक्टरांनी दाखवले, की फळ सोलून तसेच बोट टोचले तर आकडा भलताच फुगतो. बोट स्पिरिटने पुसूनही भागले नाही, नळाच्या पाण्याने धुतल्यावर भागले. त्यांनी संत्री, द्राक्षे आणि किवी घेतली होती. मोसंबी राहिली, ती आमच्या ओट्यावर रोज सोलली जाते.