कार्बन डायऑक्साइड लेसर ते सूक्ष्म त्रिमितीय मुद्रण : बारामतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बारामती म्हटले की कविवर्य मोरोपंत आणि इंदापूर म्हटले की मालोजीराजे भोसले यांची गढी डोळ्यांसमोर येते. या परिसराच्या इतिहासाचा विचार करताना विज्ञानाची आठवण सहसा होत नाही. वस्तुतः कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक डॉ. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म 2 जुलै 1938 रोजी बारामती येथे झाला. लेसरच्या साहाय्याने वैद्यकीय उपयोगाच्या वस्तू घडविण्याच्या तंत्राच्या इतिहासात या लेसरचे नेमके स्थान कोणते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

शोधाची पार्श्वभूमी :
पटेल यांनी 1958 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. त्याच वर्षी ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे 1963 मध्ये त्यांनी हा लेसर शोधला. विद्युतप्रवाहातून ऊर्जा मिळालेले नायट्रोजनचे रेणू ती ऊर्जा टकरीद्वारे कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात, हे तत्त्व वापरल्यामुळे त्याची शक्ती व कार्यक्षमता तत्कालीन वायू लेसरपेक्षा कितीतरी अधिक झाली.

वैद्यकीय उपयोग व मुद्रण :
या लेसरची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर आहे. हा अवरक्त प्रकाश पाणी तत्काळ शोषून घेते. साहजिकच पाण्याने भरलेल्या ऊतींचा पातळ थर आसपासच्या भागाला फारशी इजा न होता काढता येतो. बोस्टन येथे स्ट्राँग व जॅको यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी सूक्ष्मदर्शकाला हा लेसर जोडून स्वरयंत्रावरील शस्त्रक्रिया रूढ केली.

पुढे टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड व जोसेफ बीमन यांनी 1980 च्या दशकात भुकटीचे थर लेसरने सांधून वस्तू घडविण्याची पद्धत विकसित केली. नायलॉनची भुकटी कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश चांगला शोषते. त्यामुळे या पद्धतीच्या व्यावसायिक यंत्रांत तोच लेसर रुळला. रुग्णाच्या जबड्याच्या प्रतिकृती आणि शस्त्रक्रियेसाठीचे मार्गदर्शक साचे अशा यंत्रांवर तयार होतात.

मर्यादा आणि नवी वाट :
तथापि, प्रकाशाचा बिंदू साधारणतः त्याच्या तरंगलांबीपेक्षा फारसा लहान करता येत नाही. मानवी तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे 7 ते 8 मायक्रोमीटर, म्हणजे या लेसरच्या तरंगलांबीहूनही कमी आहे. पेशीच्या पातळीवरील मुद्रण त्यामुळे या लेसरच्या आवाक्याबाहेर राहिले.

ती वाट वेगळ्या सिद्धांतातून निघाली. एकच रेणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्ये मांडले होते. अतिशय अल्पकाळाच्या लेसर स्पंदांमुळे ही क्रिया केवळ प्रकाशाच्या केंद्रबिंदूपाशी घडते व तेवढाच द्रव रेझिन घट्ट होतो. जपानमध्ये सातोशी कावाता व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या तंत्राने सुमारे 10 मायक्रोमीटर लांबीचा बैल घडविला. स्टुटगार्ट विद्यापीठात 2016 मध्ये बारीक प्रकाशतंतूच्या टोकावर भिंगे मुद्रित करण्यात आली. शरीरांतर्गत तपासणीची दुर्बीण अतिसूक्ष्म करण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. पेशींच्या वाढीसाठीचे सांगाडे व सूक्ष्म सुया यांवरही संशोधन सुरू आहे. मात्र त्यांपैकी बहुतांश काम अद्याप प्रयोगशाळेतच आहे.

निष्कर्ष :
ज्या गुणामुळे पटेल यांचा लेसर शल्यविशारदाच्या हाती आला, त्याच गुणाने त्याची मर्यादाही निश्चित केली. म्हणून सूक्ष्म मुद्रणाचे श्रेय त्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. लेसरला वैद्यकात आणि मुद्रणात कामाचे हत्यार बनविण्याचे श्रेय मात्र निश्चितपणे देता येते. शोध अमेरिकेत लागला, बारामतीत नव्हे, हेही नोंदविणे आवश्यक आहे. जन्मस्थानाचा अभिमान आणि कार्याचे मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद राखून स्थानिक विज्ञानेतिहास शिकविला, तर बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचे नाव भौतिकशास्त्राच्या पाठ्यक्रमाशी जोडता येईल, आणि ते अतिशयोक्तीविना जोडता येईल.